रॉकेल आणि खडू

टर्नरला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्याला सगळे टर्नरच म्हणत. दोस्त मात्र मायक्रॉन म्हणत, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यात असताना शेजारच्या लेथवाल्यानं 'चालतंय की' म्हणून खोक्यात टाकलेला जॉब यानं उचलला, 'कुणाला चालतंय?' म्हणत पुन्हा मापला, आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दोघांची जुंपली. तेव्हा नाव पडलं ते पडलं.

घरामागे त्याची पत्र्याची शेड होती. एक जाड फळीचं बाकडं, त्याला बसवलेला व्हाइसचा शिकंजा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याच पान्याचा आकार रंगानं काढलेला, म्हणजे जागेवर नसला तर भिंतच ओरडून सांगणार. मधोमध, जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर, गाडी. जपानी मोटरसायकल, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. ते मॉडेल काढणं कंपनीनं केव्हाच बंद केलेलं.

"पाहुण्याला बसायला धड खुर्ची नाही आणि हिला गालिचा," बायको म्हणायची.

"गालिचा तिच्यासाठी नाही. तेलाचा थेंब पडला तर दिसावा म्हणून."

"मग पडतो का?"

"नाही."

"मग काढा की गालिचा."

तो पाना घेऊन वळायचा.

लोक विचारत, एवढी जुनी गाडी का ठेवलीस? पार्ट मिळत नाहीत, धूर सोडते, किक मारता मारता गुडघा बोलायला लागतो. नवीन घे, बटण दाब आणि जा. टर्नर म्हणायचा, "बघू." खरं कारण सांगायला बसावं लागलं असतं, आणि ऐकणाऱ्याला तेवढा वेळ नसे.

कारण असं होतं. टर्नरनं उमेदीची सगळी वर्षं पितळी बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्याभोवती बसणारे पोकळ तुकडे, काढण्यात घालवली. सकाळी गज चढवायचा, संध्याकाळपर्यंत बुश. ते कुठल्या मशिनात बसतात हे त्याला कुणी सांगितलं नाही. एकदा त्यानं स्टोअरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "खोक्यात बसतात." सगळी हसली. टर्नरही हसला, पण ते त्याला लागलं. आपण केलेलं काम कुठं जातं, कुणाच्या हातात पडतं, कुणी ते पाहून मान डोलावतं का, काहीच पत्ता नाही.

त्याच सुमारास भंगार बाजारात त्याला ही गाडी मिळाली. सांगाडा एकीकडे, इंजिन पोत्यात. त्यानं ते घरी आणून उघडलं. इंजिनाच्या धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर बसतात, तिथं मधे कागदाचं पॅकिंग असेल असं त्याला वाटलं होतं. नव्हतं. धातूवर धातू, मधे केसाइतका चिकट थर. त्यानं दोन्ही भाग धुतले, कोरडे एकमेकांवर ठेवले आणि खिडकीसमोर धरले. उजेडाची रेघसुद्धा आरपार आली नाही.

टर्नर तसाच बसून राहिला. हे कुणीतरी केलंय, त्याला वाटलं. कुठल्या लांबच्या देशात, शिफ्ट संपत आलेली असताना, कंबर भरून आलेली असताना, कुणीतरी हे नीट केलंय. मी ते बघणार आहे हे त्याला माहीत नव्हतं. तरी केलंय.

त्यानं गाडी ठेवली ती यासाठी. दुसरं कारण नव्हतं.

तसल्याच गाड्यांपायी त्याला दोस्त मिळाले. भंगार बाजारात एकाच ढिगात हात घालताना भेटलेले. एक टपालवाला, एकटा जीव. दुसरा इलेक्ट्रिशियन, चटकन उडायचा म्हणून त्याचं नाव फ्यूज. तिसरा वेल्डर, जो दिवसभरात मोजकं बोलायचा. सुट्टीच्या सकाळी चौघं निघायचे, शहराबाहेरच्या घाटरस्त्यापर्यंत जायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. कुठं पोचायचं नसायचं.

"तुम्ही का ठेवलीत?" वेल्डरच्या बायकोनं, म्हणजे सगळ्यांच्या वहिनीनं, एकदा फ्यूजला विचारलं.

"हिचा आवाज सुरू झाला की घरातला ऐकू येत नाही, वहिनी."

"आणि बंद पडली की ढकलायला घरातलंच माणूस लागतं," फ्यूजची बायको आतून म्हणाली.

वेल्डरला विचारलं तेव्हा त्यानं आधी चहा संपवला. मग म्हणाला, "दिवसभर लोकांचं तुटलेलं जोडतो. घरी आल्यावर न तुटलेलं काहीतरी बघायला हवं."

टपालवाला आधी गेला. छातीचं दुखणं होतं, बरेच दिवस अंथरुणावर होता. जायच्या आधी त्यानं तिघांना बोलावलं. म्हणाला, "माझी गाडी विकू नका. कुणीतरी घेईल, चकाचक करील आणि काचेमागं ठेवील. त्यापेक्षा वाटून घ्या. तुमच्या गाड्यांवर लावा. पण आहे तशी लावा. माझे ओरखडे घालवू नका."

तसंच केलं. टपालवाल्याची गाडी लाल होती. तिचा मडगार्ड फ्यूजच्या काळ्या गाडीवर चढला, चेन-कव्हर वेल्डरच्या निळ्या गाडीवर, मागचं चाक टर्नरकडे. रंग जुळवला नाही, ओरखडा घासला नाही. चौकातला हवालदार फ्यूजला थांबवून विचारायचा, "ही एक गाडी आहे की सभा?" फ्यूज म्हणायचा, "सभा आहे साहेब, आणि अध्यक्ष स्वर्गवासी आहेत."

त्या दिवसापासून तो या मंडळींचा नियम झाला. गेलेल्याचा पार्ट आहे तसा लावायचा. कुणी लिहिला नाही, कुणी शपथ घेतली नाही. पण टर्नरसारखा माणूस, जो स्वतःच्या भाकरीचाही काठ तपासून बघायचा, त्यानंही तो पाळला.

मग वेल्डर गेला. कामावरून परत येताना वळणावर एक बस अचानक मागं घेतली गेली. वेल्डरनं गाडी आडवी घातली आणि घसरत रस्त्याच्या कडेच्या दगडी काठाला लागला. गाडीचं फार बिघडलं नाही. वेल्डर मात्र दवाखान्यात पोचेपर्यंतही टिकला नाही.

महिना-दीड महिना गेल्यावर वहिनीनंच निरोप धाडला, "गाडी अंगणात उभी आहे. मला ती बघवत नाही. येऊन वाटून घ्या."

टर्नर आणि फ्यूज गेले. अंगणात पोतं अंथरलं आणि निळी गाडी उघडायला लागले. वहिनी पायरीवर बसून बघत होती. पुढचे शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळ्या, वाकले होते, ते बाजूला टाकले. स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक ज्या दुहेरी दांड्यात बसतं तो, सरळ होता. तो टर्नरच्या गाडीला हवाच होता. आणि फ्यूजला टी हवा होता.

टी म्हणजे हँडलखालचा तो जड तुकडा, ज्याची दांडी सांगाड्यातून वर जाते आणि ज्याच्या दोन कानांत पुढच्या चाकाचे दोन्ही शॉकअप आवळलेले असतात. पुढचं सगळं चाक त्याच्यावर लोंबकळतं म्हटलं तरी चालेल. फ्यूजच्या टीचे आटे झिजून गेले होते. बाजारात नकली मिळत होता, पण टर्नरनं तो हातात घेऊन बघितला आणि दुकानदाराच्या काउंटरवर परत ठेवला होता. "यापेक्षा पेपरवेट म्हणून वीक," म्हणाला होता.

वेल्डरचा टी टर्नरनं पिशवीत घालून जुन्या कारखान्यात नेला. ओळखीच्या माणसाकडून लेथवर दोन टोकांत धरून फिरवून बघितला. दांडी सुईसारखी सरळ. आटे नव्यासारखे. कानांची छिद्रं मापात. परत अंगणात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं समाधान होतं.

"आता एकच राहिलं," तो म्हणाला. पिशवीतून त्यानं थिनरची बाटली, तारेचा ब्रश आणि एमरीचा कागद काढला.

ही त्याची शेवटची तपासणी होती. पडलेल्या गाडीचा जड भाग त्याशिवाय तो लावत नसे. आधी सगळा रंग काढायचा, धातू उघडा दिसेपर्यंत. मग तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा. बाहेर काढून कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूची पूड फासायची. डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. यंत्र लागत नाही. घासायची तयारी लागते आणि थांबायची. पण रंगावर हे चालत नाही. भेग रंगाखाली झाकलेली असते.

वहिनीनं थिनरचा वास ओळखला.

"भाऊजी, रंग काढणार?"

"तपासायला लागेल, वहिनी."

"तो त्यांनी मारलाय." ती पायरीवरून उठली. "दोन हात दिले होते. खालच्या बाजूला त्यांचा हात पोचेना म्हणून ब्रश माझ्या हातात दिला. तिथं बघा, ओघळ आलाय. तो माझा." तिनं बोट लावून दाखवलं. जाड काळ्या रंगात, कानाच्या मुळाशी, खरंच एक ओघळ गोठलेला होता. "टपालभाऊजींचे ओरखडे ठेवलेत तुम्ही. मग यांचा रंग नका ना घासू."

टर्नर ब्रश हातात धरून उभा राहिला.

"राहू दे रे," फ्यूज हळूच म्हणाला. "दांडी सरळ आहे म्हणालास ना? आणि जपानी लोखंड आहे, तूच सांगतोस."

टर्नरनं तिच्या बोटाकडे बघितलं. ते अजून त्या ओघळावर होतं. त्यानं ब्रश पिशवीत टाकला.

कामावर असताना त्यानं एकही जॉब न तपासता पुढे सोडला नव्हता. हा सोडला.

निघताना वहिनीनं एक वस्तू स्वतःसाठी ठेवून घेतली. गाडीचा साइड स्टँड. वेल्डर उंच होता, गाडी त्याला फार कलती वाटायची, म्हणून त्यानं स्टँड मधे कापून खालच्या अर्ध्याऐवजी लांब तुकडा जोडला होता आणि वरून काळा रंग मारला होता. तो स्टँड तिनं बाहेरच्या दाराला अडसर म्हणून लावला. वारा सुटला की दार आपटायचं, ते आता आपटेना.

त्यानंतर सुट्टीच्या सकाळी दोघंच निघायचे. फ्यूज पुढं, टर्नर मागं. वळणांवर मागून येताना टर्नरला फ्यूजच्या गाडीवर तिघं दिसत. लाल मडगार्ड, काळी टाकी, आणि हँडलखाली वेल्डरच्या हातचा रंग. फ्यूज वळणावर उगाच गाडी जास्त वाकवायचा आणि मागं वळून दात काढायचा.

असंच कित्येक महिने चाललं.

मग एका सकाळी घाट उतरताना टर्नरला फ्यूजचं पुढचं चाक थरथरल्यासारखं दिसलं. रस्ता खराब असेल असं त्याला वाटलं. पण रस्ता नीट होता. त्यानं हॉर्न दाबला. फ्यूजनं हात वर केला, म्हणजे ऐकू आलं. त्यानं ब्रेक लावला, आणि पुढचं चाक इंजिनाखाली दुमडलं. गाडी पुढच्या बाजूनं कोसळली आणि फ्यूजला घेऊन लोखंडी कठड्यापर्यंत गेली.

टर्नर पोचला तेव्हा फ्यूजला शुद्ध होती. त्याचा डावा पाय कठडा आणि गाडी यांच्या मधे होता. पाय म्हणण्यासारखं तिथं फारसं काही उरलं नव्हतं.

"बंद कर," फ्यूज म्हणाला.

इंजिन अजून चालू होतं. टर्नरनं चावी फिरवली.

फ्यूजला अँब्युलन्समध्ये घालून नेल्यावर टर्नर रस्त्यावर एकटाच राहिला. त्यानं मोडलेला टी उचलला. कानाच्या मुळाशी, बरोबर त्या ओघळाखाली, तो तुटला होता. तुटलेली बाजू त्यानं उजेडाकडे फिरवली. धातूचं काम केलेल्या माणसाला तुटलेला तुकडा वाचता येतो. आज तुटलेला धातू आतून चमकतो, साखरेच्या खड्यासारखा. तसा तो चमकत होता, पण सगळीकडे नाही. काठाजवळ मोठा भाग तपकिरी होता, गंजलेला, गुळगुळीत घासलेला. ती भेग आजची नव्हती. वेल्डर दगडावर आपटला तेव्हाची होती. इतके महिने ती रंगाखाली थोडी थोडी आत जात राहिली होती.

टर्नरनं तो तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

फ्यूजचा पाय गुडघ्याखाली काढला. आठवड्यानं तो बोलण्याइतका सावरला. टर्नर गेला तेव्हा फ्यूजची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिनं टर्नरकडे बघितलंच नाही. आत फ्यूज उशीला टेकून छताकडे बघत होता. चादर एका बाजूला सपाट होती.

"आलास? बस. वाटणी करायला आला असशील तर अजून मेलो नाही म्हणावं."

टर्नर हसला नाही. त्यानं रुमाल काढून पांघरुणावर उघडला.

फ्यूजनं तुकडा हातात घेऊन फिरवला. तो इलेक्ट्रिशियन होता, पण आंधळा नव्हता. गंजलेल्या भागावर त्यानं अंगठा फिरवला.

"आधीची आहे," तो म्हणाला.

"आधीची."

"रंग काढला असता तर?"

"खडूवर दिसली असती."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता.

"मी पण होतो तिथं," फ्यूज शेवटी म्हणाला. "मीच म्हटलं राहू दे."

"ब्रश माझ्या हातात होता."

"हो, होता. आता काय, तो परत हातात घेणार आहेस? माझा पाय घासून काढणार आहेस?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ऐक. वहिनी येते रोज. डबा घेऊन येते. तिला हे सांगायचं नाही."

"विचारलं तर?"

"विचारलंय तिनं. मी सांगितलं, ब्रेक जोरात दाबला, म्हातारा झालो."

"पण ते खोटं आहे."

"हो का? बरं झालं सांगितलंस." फ्यूजनं तुकडा रुमालात टाकला. "त्या बाईचा नवरा गेला. आता तिला सांगायचं, तू एका ओघळासाठी अडवलंस आणि माझा पाय गेला? तू मायक्रॉन असशील तुझ्या घरी. पाय माझा गेलाय. तो कशानं गेला ते मी ठरवीन."

तेवढ्यात वहिनी दारात आली. टर्नरनं रुमाल खिशात कोंबला. तिनं डबा ठेवला, फ्यूजची उशी सारखी केली आणि टर्नरला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही किती वाळलात." टर्नर मान खाली घालून म्हणाला, "उन्हाचं." बाहेर पाऊसपाणी नव्हतं आणि फारसं ऊनही नव्हतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, आता तरी ती गाडी भंगारात द्या. मी तुमच्या पाया पडते."

"देता येणार नाही."

"कुणाचं ऐकलंय का तुम्ही आजवर?"

"भंगारवाला गाडी वितळवत नाही," टर्नर म्हणाला. "सुटे पार्ट विकतो. आपल्या गाडीत रंगाखाली काय आहे ते मला माहीत नाही. दुसऱ्या कुणाला देऊ?"

बायको बघत राहिली. गाडी ठेवायचं असं कारण तिनं कधी ऐकलं नव्हतं. त्यानंही नव्हतं. इतकी वर्षं त्यानं ती ठेवली कारण कुणी अनोळखी माणसानं नीट काम केलं होतं. आता ठेवणार होता, कारण त्यानं स्वतः केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो गाडी उघडायला बसला. पाठ दुखायची, बोटांना थिनरनं चिरा पडल्या, त्या चिरांत रॉकेल गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. तो थांबला नाही. टपालवाल्याचं लाल चाक होतं, त्याच्या मधल्या हबवरचा रंग त्यानं कडेपासून कडेपर्यंत काढला. ओरखडे रंगाबरोबर गेले. वेल्डरचा निळा स्विंग आर्म घासून पांढरा केला. घमेल्यात रॉकेल, डबीत खडूची पूड. एकेक भाग बुडवायचा, पुसायचा, फासायचा, आणि स्टुलावर बसून खडूकडे बघत राहायचं. घाई केली तर रेघ उमटायच्या आत माणूस समाधान मानून मोकळा होतो, हे त्याला माहीत होतं.

रेघ एकाच ठिकाणी उमटली. पाय ठेवायच्या दांडीच्या बुडाशी, बारीक, केसासारखी. तो भाग गेलेल्यांपैकी कुणाचा नव्हता. त्याच्याच गाडीचा, मूळचा, जपानहून आलेला. टर्नरनं तो व्हाइसमध्ये धरला आणि हॅकसॉच्या करवतीनं कापून दोन केला, कुणी परत लावू नये म्हणून.

वहिनी आली ती दुपारी. फ्यूज घरी आला हे सांगायला आली होती, आणि टर्नर दवाखान्यात पुन्हा फिरकला का नाही ते विचारायला. बायकोनं तिला शेडकडे पाठवलं. ती दारात थांबली.

बाकड्यावर स्विंग आर्म उघडा पडला होता. खडू फासलेला, हाडासारखा. खाली वर्तमानपत्रावर निळ्या रंगाच्या खपल्यांचा छोटा ढीग.

"हा त्यांचा ना?" तिनं विचारलं.

"हो."

"रंग काढलात."

"हो, वहिनी."

ती पुढं आली. ढिगातली एक खपली उचलून तिनं तळहातावर ठेवली. मग बाकड्यावरच्या सगळ्या भागांवरून तिची नजर फिरली. लाल नाही, निळा नाही, सगळे नागडे. ती टर्नरच्या घरी इतकी वर्षं येत होती. नियम तिला माहीत होता.

"त्या दिवशी नाही काढलात," ती म्हणाली.

टर्नरला फ्यूजचं बोलणं आठवलं. ब्रेक, म्हातारा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण समोर खडू होता आणि खडूसमोर त्याला ते म्हणता येईना.

"नाही काढला," तो म्हणाला.

"मी नको म्हटलं म्हणून."

"तुम्ही म्हटलंत. पण आत काय असू शकतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. नाही म्हणायचं काम माझं होतं."

वहिनीनं खपली परत ढिगात ठेवली, अगदी जपून, जणू तिची जागा ठरलेली होती. ती वळली आणि निघून गेली. टर्नरच्या बायकोनं तिला चहासाठी हाक मारली, ती तिनं ऐकली नाही.

संध्याकाळी फ्यूजचा फोन आला. "सांगितलंस ना?" टर्नर 'हो' म्हणाला. "वाटलंच मला. तुझ्या तोंडातून माप चुकीचं निघणारच नाही. मेल्या, एकदा चुकवायचं होतंस." फोन आपटला गेला. त्यानंतर फ्यूज त्याच्याशी बोलला नाही. टर्नर त्याच्या घरी गेला तर त्याची बायको दारातच म्हणायची, "झोपलेत." आतून रेडिओचा आवाज येत असायचा.

टर्नरनं गाडी परत जोडायला घेतली नाही. सगळे भाग तेल लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवले. गालिचा मोकळा पडला.

बऱ्याच दिवसांनी वहिनी आली. या वेळी कापडी पिशवी घेऊन. शेडमध्ये आली, पिशवीतून साइड स्टँड काढला आणि बाकड्यावर ठेवला. काळा रंग दाराच्या घासण्यानं एका बाजूला उडाला होता.

"हा पण बघा," ती म्हणाली.

"हा दाराला लावलाय, वहिनी. याच्यावर कुणाचा जीव टांगलेला नाही."

"माहीत आहे. तरी बघा."

टर्नरनं थिनर काढलं. घासायला लागला तेव्हा वहिनीनं दुसरा ब्रश उचलला. तिला धरता येत नव्हता. तारा बोटांना लागत होत्या. दोघं दोन बाजूंनी घासत राहिले. काळा रंग चिखलासारखा होऊन वर्तमानपत्रावर पडत गेला.

मधला जोड उघडा झाला. वेल्डरनं तिथं दोन तुकडे एकत्र आणले होते. रंगाखाली कुणाला दिसणार नव्हता, तरी वेल्डिंगचा टाका एकसारखा पडला होता. माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, कुठं उंच नाही, कुठं खळगा नाही. टर्नरनं त्यावरून अंगठा फिरवला आणि हात काढून घेतला.

स्टँड रॉकेलमध्ये बुडवला. दोघं थांबले. बायकोनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. मग टर्नरनं स्टँड पुसला, कोरडा केला आणि बोटांनी खडू फासला. वहिनी बाकड्यावर हात टेकून त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिली. खडू तोंडाजवळ असल्यामुळे ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

"किती वेळ बघायचं?" तिनं विचारलं.

"थोडा अजून."

शेडमधला उजेड कमी होईपर्यंत ते बघत होते. खडू पांढराच राहिला.